चपलांची रांग आणि निळा कप

मला रांगेत उभा करणारा माणूस या संभाजीनगरात अजून जन्माला यायचाय, असं मी आयुष्यभर छाती फुगवून सांगत आलो. तर तो आला जन्माला. माझ्याच घरात आला, फ्रॉक घालून आला, आणि आता नऊ वर्षांचा झालाय.

बसा, चहा ओता बशीत, सांगतो. हसायचं तर तोंडावर हसा. पाठीमागं हसलेलं मला ऐकू येत नाही, मग तुमचं हसूही वाया आणि माझी फजितीही वाया.

मी वाळूजला कंपनीच्या शिफ्टची बस चालवायचो. शाळा सातवीत सुटली. म्हणजे मी नाही सोडली, मास्तरांच्या खुर्चीला गुळाचा पाक लावल्यावर तिनंच मला सोडलं. पण रांगेच्या शास्त्रात मी डॉक्टर! रेशनच्या दुकानात लांब रांग दिसली की मागून हळूच ओरडायचो, "अहो, पलीकडची खिडकी उघडली!" सगळी रांग पलीकडं पळायची आणि अलीकडं मी पहिला. लग्नात बुफे असला की "जिलबीत माशी पडली वाटतं" एवढं पुटपुटायचं. जिलबीपाशी मी एकटा! क्रांती चौकात सिग्नलला तेवढा थांबायचो, तेही बसमधले लोक घड्याळं बघून तडफडतात ते आरशात बघायला मजा यायची म्हणून.

अशा पुण्यवान माणसाला देवानं नात दिली, रेवा.

रेवाला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात म्हणे. मला काही तो शब्द पटत नाही, कारण ही पोरगी स्वतःत कमी आणि माझ्या चुकांत जास्त मग्न असते. बोलते थोडं. एकेक शब्द, पण असा ठेवते की जड पाटा ठेवलाय, हलवून दाखवा. गोंगाट तिला सोसत नाही. जगाचा आवाज कुणीतरी तिच्यासाठी फुल करून ठेवलाय आणि बटन काढून नेलंय, असं समजा. मिक्सर, फटाका, शिट्टी, काही नको. आणि गोल फिरणारं काहीही दिसलं की जीव तिथं. पंखा घ्या, ताटली घ्या, शिलाई मशीनचं चाक घ्या. एकदा पोळपाट फिरवत ती दुपारभर बसली आणि आम्ही भाकरी केल्या ताटावर.

मागच्या साली माझा मुलगा आणि सून तिला गावाबाहेरच्या मोठ्या पार्कात घेऊन गेले. तिथं कपबशीचा पाळणा आहे. माणूस बसेल एवढाले कप, आणि ते बशीवर गरागरा फिरतात. त्यातला निळा कप रेवानं पाहिला. पाहिला, एवढंच. रांगेत ढकलाढकली, वरून कर्ण्यावर गाणी. पोरगी कान दाबून फरशीवर आडवी झाली. बघ्यांतली एक बाई म्हणाली, "लाडावून ठेवलंय, दुसरं काय." सुनेनं पोरीला उचललं आणि तिघं तशीच परत आली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी रेवा दारात उभी राहायची आणि सांगायची, "निळा कप. उद्या."

रोज, बरं का! सणवार नाही, ताप नाही, खाडा नाही. रडायची नाही, हट्ट नाही, नुसती आठवण करून द्यायची, जसा शेजारी उसनं नेलेल्या शिडीची करून देतो.

शेवटी माझी सून स्वाती एक दिवस म्हणाली, "जायचं. पण तयारीनं."

तयारी कशी, विचारा! एका दोरीला दोन फोटो लावले. पहिला रांगेचा, दुसरा निळ्या कपाचा. आधी हे, मग हे. आणि घरात रोज सकाळी चहासाठी रांग. गॅसपुढं रेवा, तिच्यामागं माझा मुलगा, त्याच्यामागं स्वाती, मग मी. कायदा एकच, रांग सोडली की शेवटी जायचं. मी पहिल्याच दिवशी बिस्किटाच्या निमित्तानं पुढं घुसलो. रेवानं माझ्या बाहीला धरलं, मागं नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "शेवटी."

"अगं, शेवटीच होतो की मी!"

"शेवटी."

माझंच घर, माझाच कप, आणि मी भिंतीला टेकून उभा!

आता ऐका त्या दिवसाचं. मुलाची पहिली पाळी, म्हणून आम्ही तिघंच. स्वातीनं मुद्दाम मंगळवार धरला, की गर्दी नसंल. पण आमचं नशीब! पैठणकडची एक भावकी पोराचं जावळ काढून तीन जीपा भरून थेट पार्कात उतरलेली. टोप्या, फेटे, नऊवाऱ्या, कडेवर पोरं, आणि त्या सगळ्याच्या मधी तो तुळतुळीत डोक्याचा उत्सवमूर्ती. कपबशीपुढं ही लांब रांग!

स्वातीनं रेवाच्या कानांवर आवाज अडवणारे ते मोठे हेडफोन बसवले, फोटोंची दोरी तिच्या गळ्यात घातली, आम्हाला रांगेत उभं केलं आणि मला बाजूला घेतलं.

"नाना, गर्दी जास्त आहे. अशा मुलांसाठी काही सोय असते का, ऑफिसात विचारून येते. तोवर हात ओढू नका, गंमत करू नका, दुसरी खिडकी उघडू नका."

"मग करू काय?"

"थांबा."

"बरं. आणि?"

"आणि काही नाही. थांबणं एवढंच काम आहे."

ती गेली. मी मनाशी पक्कं केलं, आज आभाळ कोसळू दे, माझी नात निळ्या कपात बसणार म्हणजे बसणार. टायर फाटला तरी मी कधी पहिली पाळी चुकवली नाही, तर हा कप काय चीज!

पाचेक मिनिटं बरी गेली. मग रेवा डोलायला लागली. पुढं, मागं, पुढं, मागं. आणि तोंडानं बारीक आवाज, "ऊंऽऽऽ."

म्हणलं, मेलो! कुकरला वाफ धरली. आता शिट्टी होणार, पोरगी फरशीवर जाणार, बाया बोलणार, आणि उद्यापासून परत "निळा कप. उद्या." काहीतरी करायला पाहिजे. थांबा म्हणली होती सून, पण तिला काय माहीत इथं काय पेटलंय?

आता तुम्ही आमच्या शहरातले असाल तर सांगायला नको, बाहेरचे असाल तर ऐका. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, कधीतरी. मग गल्लीत टँकर. टँकरच्या रांगेत माणूस कधी उभा राहत नाही, हंडा उभा राहतो. हंडा ठेवला की तुमचा नंबर लागला. तुम्ही घरी जाऊन आंघोळ सोडून सगळं करा. हंड्याला कुणी हात लावणार नाही, सख्खा वैरी असला तरी. हा आमचा न लिहिलेला कायदा.

मी उजव्या पायातली चप्पल काढली. गुलमंडीतून घेतलेली, नवी कोरी, करकर वाजणारी. रेवाच्या पुढं, माझ्या जागेवर, फरशीवर मांडली.

"रेवा, चप्पल रांगेत हाय. आपण लिंबाखाली सावलीत बसू. चल."

रेवानं चपलेकडं पाहिलं. हलली नाही. हात ओढायचा नाही म्हणून सांगितलेलं. म्हणलं, मी गेलो की येईल मागं. एका पायात चप्पल घालून लंगडत लिंबाखाली गेलो, दगडावर बसलो आणि हात केला. ती काही आली नाही. चपलेच्या मागं ताठ उभी, डोलतीय, "ऊंऽऽऽ."

आमच्या मागं एक खाला होत्या, चार नातवंडं पदराला लोंबकळलेली. त्यांनी तिथूनच हाक मारली, "चचा! चप्पल कायको निकाले?"

"नंबर लावला, खाला! टँकरला हंडा ठेवतो का नाय आपण?"

खालांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! क्या दिमाग है! हम बेवकूफां धूप में मररे!" असं म्हणून त्यांनी पाण्याचा थर्मास माझ्या नातीच्या मागं ठेवला आणि नातवंडं घेऊन लिंबाखाली आल्या.

झालं! वणवा पेटायला काडी एकच लागते. पुढची पैठणची भावकी वळून वळून बघायला लागली. एका फेटेवाल्या आबांनी विचारलं, "असं चालतंय का इथं?"

"व्हय तर! इथली पद्धतच हाय!" मी ठोकून दिलं. जीभ आहे ती, वळली.

आबांनी टोपी काढावी तसा फेटा काढला आणि रांगेत ठेवला. त्यांच्या मंडळीनं डबा ठेवला. कुणी पंचा, कुणी छत्री, कुणी बाळाचं झबलं. एका मावशीनं पर्स ठेवली, दोन पावलं गेली, परत आली, पर्स उचलली आणि तिथं नवऱ्याचा चष्मा ठेवला. बघता बघता रांगेतली माणसं नाहीशी! नुसत्या चपला, डबे, बाटल्या, एकामागं एक, शिस्तीत. आणि अख्खी जनता लिंबाखाली. आबांच्या मंडळीनं दुसरा डबा उघडला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, जावळाचे पेढे. खालांनी पिशवीतून चिवडा काढला. मला तर कुणी पाहुण्यासारखं मधोमध बसवलं. "काका, तुम्ही इथं कामाला का?" "कामाला न्हवं, सल्लागार," मी म्हणलं, आणि दुसरा धपाटा घेतला.

रांगेत हाडामांसाचं माणूस एकच उरलं होतं. माझी रेवा.

आणि तेवढ्यात पाळणा थांबला. पाळणेवाला मोठ्या मिशीचा, पण मऊ आवाजाचा माणूस. आधीच्या लोकांना उतरवून त्यानं फाटक उघडलं. "चला, पुढचे या!"

पुढं कोण? आबांचा फेटा.

त्यानं रांगेकडं पाहिलं. डोळे चोळले. मग त्याला रेवा दिसली. "ये बाळा, ये. रिकामंच हाय. कुठल्या कपात बसती?"

रेवाची नजर निळ्या कपावर. निळा कप मोकळा! तिच्यापासून वीस पावलांवर, दार उघडून वाट बघत! वर्षभर जे मागितलं ते समोर! आणि पोरगी जागची हलेना.

"ये की!"

रेवानं खाली बोट दाखवलं. "चप्पल."

"काय?"

"चप्पल. आधी."

बरोबरच होतं हो तिचं! पुढं माझी चप्पल. चपलेच्या पुढं डबा. डब्याच्या पुढं झबलं. सगळ्यात पुढं फेटा. फेटा हलल्याशिवाय झबलं हलणार नाही, आणि चप्पल हलल्याशिवाय रेवा हलणार नाही. नंबर म्हणजे नंबर. हंड्याच्या पुढं जायचं नाही, हा कायदा मीच तर मांडून ठेवला होता!

मी दगडावरनं ओरडलो, "रेवा, जा! चप्पल सोड! जा पुढं!"

ती माझ्याकडं बघेसुद्धा ना. आणि कुठनं तरी कॉलेजातली टोळी आली, मोकळं फाटक पाहिलं, चपलांवरून उड्या मारत आत. निळ्या कपात दोघं बसले, मोबाईल वर धरून. पाळणा सुरू.

मी पळालो. एक पाय अनवाणी, उन्हाळ्याची फरशी तव्यासारखी तापलेली. चप्पल असलेला पाय एक ढांग टाकतोय, दुसरा तीन उड्या मारतोय. लोकांना वाटलं, सल्लागार पळतोय म्हणजे काहीतरी आहे. सगळी जनता मागं पळाली. अर्धे अनवाणी! "आई गं!" "भाजलं!" "अगं माझा चष्मा!" खालांचा थर्मास लवंडला. आबांचा फेटा कुणाच्या पायात अडकून सुटला आणि रांगेभर पसरला. एक म्हणतोय माझा नंबर पंच्यामागं होता, दुसरा म्हणतोय पंचाच माझा!

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पार्कातली गार्डबाई आली. धिप्पाड बाई, तोंडात शिट्टी. दिली फुंकून!

रेवाचं डोलणं बंद. आवाज बंद. हेडफोनवरनं दोन्ही तळहात दाबून ती खाली बसली, इतकी बारीक झाली की माझ्या चपलेपेक्षा लहान दिसायला लागली.

तेव्हा माझ्या बथ्थड डोक्यात उजेड पडला. खरा त्रास झाला की पोरगी गप्प होते. मग मघाचं ते "ऊंऽऽऽ"? ते डोलणं? अहो, ती खुशीत होती! ओळीत उभी, पुढं माणूस, मागं माणूस, दोरीवर फोटो, आधी हे मग हे. तिच्या जिवाला इतकं बरं वाटत होतं की ती गात होती. आणि मी मूर्ख, गाणाऱ्या पोरीला वाचवायला निघालो होतो.

बाई दुसरी शिट्टी फुंकणार, तोच मी तिच्यापुढं हात जोडले. "बाई, शिट्टी नको!"

"मग ह्यो बाजार कसा आवरू?"

"मी आवरतो."

म्हणालो खरं, पण कसा? चाळीस माणसं एकमेकांच्या चपला ओढतायत. समजावून ऐकतील? खरं सांगून या जन्मात माझं कधी कुणी ऐकलंय? मग जे येतं तेच केलं. तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजत, पण सगळ्यांना जाईल असं म्हणालो, "श्शऽऽ! शूटिंग चालू हाय!"

अशी शांतता पडली म्हणता!

"कसलं?" आबांनी हळूच विचारलं.

"पिच्चरचं. जत्रेतल्या रांगेचा सीन. कॅमेरा लपवलेला हाय. जो बोलला तो कापला जाणार."

अहो, रांग झाली! अशी सरळ की दोरी लावून मोजा. बायांनी पदर सावरले. एकानं खिशातला कंगवा काढला. गार्डबाईनं शिट्टी खिशात टाकली, टोपी नीट केली आणि माझ्या कानाशी लागली, "काका, माझा रोल काय?"

"कडक पोलीस. पण मनानं चांगली. नुसतं उभं राहायचं, एक शब्द नाय."

बाई जी उभी राहिली! पुतळा बरा!

हळूहळू रेवानं कानावरचे हात काढले. उठली. पुढं बघितलं, मागं बघितलं. लोक ओळीत, गप्प, आणि सगळ्यांच्या तोंडावर हसू, कॅमेऱ्यासाठी. आणि मग, बारीक, "ऊंऽऽऽ."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फरशी फार तापली होती, म्हणून.

मी चप्पल पायात सरकवली आणि हळूच माझ्या जुन्या जागेवर, तिच्या पुढं शिरलो. बाहीला हात लागला.

"शेवटी."

"अगं, माझी चप्पल होती ना इथं! तू बघितलं ना?"

"चप्पल होती," रेवा म्हणाली. "आजोबा नव्हते. शेवटी."

कोर्टात गेलो असतो तरी हरलो असतो. गेलो शेवटी. माझ्यामागं कुणी नाही, नुसतं कुंपण.

पाळणा थांबला, रांग सरकली, रेवा फाटकाजवळ पोचली. मिशीवाला मान हलवून म्हणाला, "बाळा, मघाशी ध्यानात आलं नाय, मोठं माणूस बरोबर पाहिजे. एकटीला सोडता येत नाय. कोण हाय तुझं?"

रेवानं कपाकडं पाहिलं. मग रांगेच्या शेपटाला मी उभा होतो तिकडं पाहिलं. आता काय करणार? मला बोलवलं तर कायदा मोडतो. एकटी गेली तर सोडत नाहीत. मी श्वास धरून बघतोय. वाटलं, आता बसते खाली.

ती वळली. आपली जागा, फाटकापासली पहिली जागा, सोडली. सगळ्या रांगेच्या कडेकडेनं चालत आली आणि माझ्या मागं, कुंपणाला लागून उभी राहिली.

"अगं येडे, तू कशाला आलीस? पोचली होतीस की!"

तिनं दोरीवरचे फोटो माझ्यापुढं धरले. पहिल्यावर बोट ठेवलं. "आजोबा. रांग." दुसऱ्यावर ठेवलं. "मग कप."

उभा राहिलो. खरंखुरं, दोन पायांवर, जन्मात पहिल्यांदा. आणि काय सांगू, भयंकर काम आहे हो ते! पाय वळवळतात. मान लांब होते. तोंडात आपोआप येतं, "अहो, तिकडं..." मी एकदा बाजूला वाकून पुढं बघायला लागलो तर रेवानं माझ्या अनवाणी... नाही, चप्पल घातली होती मी... तर चपलेतल्या अंगठ्यावर आपला पाय ठेवला. पूर्ण वजन! आता हल बरं! मी वाकायचो, ती दाबायची.

त्यात माझं शूटिंग माझ्याच मानगुटीवर. पुढून कुजबुज यायची, "काका, हिरो कोण?" "तुम्हीच." "काका, डाव्या बाजूनं घ्यायला सांगा, उजवीकडं दात पडलाय." थर्मास उचलण्यात मागं पडलेल्या खाला वळून म्हणाल्या, "चचा, मेरेकू पीछे नक्को रखो." गार्डबाई तर पापणी हलवायची नाही. कुणीतरी कोल्ड्रिंकचं दुकान कुठं विचारलं तर तिनं फक्त बोट दाखवलं, तेही अभिनय करून.

पोचलो आम्ही फाटकाशी. तर आमच्या पुढच्यांनी निळा कप घेतला! खाला आणि त्यांची चारही नातवंडं.

मिशीवाला म्हणाला, "पिवळा हाय ना मोकळा. बसा."

रेवा म्हणाली, "निळा."

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत. निळ्या कपाखाली विंचू निघाला, एवढं म्हणायचा अवकाश, नातवंडं टुणकन बाहेर! तोंड उघडलंही. अंगठ्यावरचा पाय जरा जड झाला. तोंड मिटलं.

"आम्ही थांबतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "पुढच्या फेरीला."

तोवर मागं नवे लोक आले होते, त्यांना आधी सोडलं आणि थांबलो. रेवा "ऊंऽऽऽ" करत होती. थोड्या वेळानं कंटाळून मीही करून पाहिलं. बरं वाटतं, खोटं नाही सांगत.

आणि मग निळा कप! रेवानं आधी त्याला हात लावला. कडेवरून पूर्ण फिरवला हात, जसा गोठ्यात नव्या वासराच्या पाठीवरून फिरवतात. मग बसली. मी शेजारी. पाळणा सुरू झाला आणि मधलं चाक तिनं जे फिरवलं! अहो, आयुष्यभर मी बस चालवली, घाट चढवले, उतरवले, पण असं पोट कधी कानात आलं नव्हतं. संभाजीनगर, लिंब, आबांचा फेटा, गार्डबाई, सगळं एकाच ताटात कालवलं. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतोय आणि शेजारी रेवा हसतीय. मोठ्यांदा. ती मोठ्यांदा हसलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

उतरलो तेव्हा मी फाटकाला धरून उभा. समोरून स्वाती घाईघाईनं येत होती, बरोबर ऑफिसातले एक साहेब, हातात पिवळी कागदी पट्टी.

"नाना, सॉरी, उशीर झाला. ऑफिसातच एवढी रांग होती... झालं? बसली? निळ्यात?"

"बसली म्हणजे!" मी एका हातानं फाटक आणि दुसऱ्या हातानं मिशा सावरल्या. "अगं, मी असल्यावर! सगळ्या रांगेला शिस्त लावली. एक आवाज नाही, एक धक्का नाही. तुझी सून... म्हणजे माझी नात... रांगेत कसं उभं राहायचं ते आज मी शिकवलं तिला."

मागनं गार्डबाई आली. "काका, पिच्चर कधी लागणार?"

स्वातीनं माझ्याकडं बघितलं. "कसला पिक्चर?"

"काही नाही गं. बाई जरा... उन्हानं."

साहेब चांगले होते. पट्टी उलगडत म्हणाले, "हे बघा आजोबा, ज्यांना रांगेत थांबणं जमत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडं ही सोय आहे. पट्टी मनगटाला बांधली की मागच्या दारानं थेट आत. दिवसभर चालते. थांबायची गरजच नाही." आणि ते रेवाकडं बघून वाकले. "हां, कुणाच्या हाताला बांधू?"

रेवानं पट्टीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझं मनगट धरलं, साहेबांच्या पुढं नेलं, आणि त्या दिवसातलं सगळ्यात लांब वाक्य बोलली.

"आजोबांच्या. त्यांना थांबता येत नाही."